गल्ल्यावरचें यंत्र

दुकान लहान असो कीं मोठें, रात्रीं गल्ला मोजण्याची वेळ ही त्या घराच्या परीक्षेची वेळ असते. मेळ बसला तर पंगतींत थट्टाविनोद चालतो. न बसला तर वाढणाऱ्या स्त्रियांसहि तें पहिल्या घासाबरोबर कळतें. या महिन्यांत आम्ही लिहीत आहों तें अशाच एका गल्ल्याविषयीं आणि त्यावर ठेवावयाच्या यंत्राविषयीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं नोकरी-शेतीच्या जोडीला एखादें लहानसें दुकान असतें. निदान घरचा एखादा मुलगा किंवा सून तें काढण्याच्या विचारांत असते. त्यांस हा अनुभव उपयोगीं पडावा.

कारंज्यास आमच्याजवळ संस्कृत शिकलेले एक गृहस्थ आहेत. आज त्यांनीं पन्नाशी गांठली आहे. वह्या-पुस्तकें, पूजासाहित्य व थोडा किराणा असें त्यांचें दुकान. सकाळीं हे स्वतः बसतात. धाकटे बंधु अकोल्याहून माल आणतात. आणि दुपारपासून रात्रीपर्यंत धाकट्यांचा बाविशींतला मुलगा गल्ला सांभाळतो. एका सायंकाळीं ते आमच्याकडे आले व पाणी पिऊन होतांच म्हणाले, “गुरुजी, एखादें चांगलें पण स्वस्त बिलिंग मशीन सांगा. पैसा आला कीं नोंद झालीच पाहिजे. मधल्यामध्यें कोणाला हात घालतां येऊं नये.”

“मधल्यामध्यें” म्हणतांना त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. थोडें खोदून विचारल्यावर सर्व बाहेर आलें. कित्येक महिने रोज दोनशें ते चारशें रुपयांची तूट येत होती. पुतण्यास त्यांनीं शब्दानेंहि विचारलें नव्हतें. मात्र तो जागेवरून उठला कीं हे गल्ला मोजावयास बसत. मुलगा कांहीं खुळा नव्हता. तो काकांशीं बोलेनासा झाला. त्याची आई जावेशीं मोजकेंच बोलूं लागली. आणि त्यानें पुण्यास नोकरीसाठीं अर्ज केल्याची बातमी यांना तिऱ्हाइताकडून कळली. जो प्रश्न कोणी तोंडानें विचारलाच नाहीं, त्याचें उत्तर त्या मुलानें द्यावें तरी कसें?

आम्हीं सांगितलें, “यंत्र अवश्य घे, पण त्याआधीं पंधरा दिवस एक वही ठेव.” वहीस चार रकाने आंखावयाचे: रोख विक्री, यूपीआयनें आलेली विक्री, उधारी, आणि गल्ल्यांतून काढलेले पैसे. वही गल्ल्यावरच राहील, पेन्सिल दोऱ्यानें बांधलेली असेल, आणि जो कोणी गल्ला उघडील तो, मग तो मालक असो, पुतण्या असो कीं आजी असोत, नोंद केल्यावांचून झांकण लावणार नाहीं. गृहस्थांस हें फारसें रुचलें नाहीं. पण जुनी संवय. गुरुजींचें म्हणणें त्यांनीं मोडलें नाहीं.

वहींत काय निघालें तें पुढें येईलच. तोंवर या यंत्राच्या जन्माची हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण तेंहि संशयाच्याच पोटीं जन्मलें. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत डेटन नांवाच्या गांवीं जेम्स रिटी या गृहस्थाचें मद्यालय होतें. धंदा चांगला चाले, पण नफा हातीं लागत नसे. नोकर विक्रीचा पैसा खिशांत घालतात असा त्याचा समज होता. १८७८ सालीं युरोपच्या प्रवासांत असतां आगबोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारें यंत्र त्याच्या पाहण्यांत आलें, व फेरे मोजतां येतात तर विक्री कां मोजतां येऊं नये, असें त्याच्या मनानें घेतलें, अशी हकीकत सांगतात. परत आल्यावर त्यानें व त्याचा भाऊ जॉन यानें मिळून यंत्र बनविलें आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजीं त्याचें पेटंट घेतलें. त्यास त्यानें दिलेल्या नांवाचा अर्थ “लांच न खाणारा रोखपाल” असा होतो. रिटीला यांत फारसें मिळालें नाहीं. त्यानें हक्क विकून टाकले. पुढें १८८४ सालीं जॉन पॅटरसन यानें हा धंदा हातीं घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी नांवारूपास आणली, आणि १९०६ सालीं चार्ल्स केटरिंग यानें त्याच कंपनींत विजेवर चालणारें यंत्र तयार केलें. ड्रॉवर उघडतांच वाजणारी घंटी ही या यंत्राची खूण होऊन बसली. मागच्या खोलींत असलेल्या मालकालाहि गल्ला उघडल्याचें त्यामुळें कळे.

संशय हा व्यवहाराचा जुना सोबती आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत. कारंज्याच्या वहींत निघालेला प्रकार मात्र चोरीचा नव्हता.

पंधरा दिवसांची तूट एकंदर ४,६५० रुपये होती. त्यांपैकीं २,९०० रुपये घरांतच गेले होते: दूधवाला, भाजी, ऑटोचें भाडें, सत्यनारायणाची दक्षिणा, नातवंडांचा खाऊ. पैसे काढल्याच्या नोंदींतील निम्म्याहून अधिक अक्षर थोरल्यांचें स्वतःचें होतें. दुसरे १,४०० रुपये यूपीआयचे निघाले. दुकानांत क्यूआरच्या दोन पाट्या होत्या. एक दुकानाच्या खात्याची, आणि दुसरी फार पूर्वीं चिकटवलेली, थोरल्यांच्या खासगी खात्याची. गिऱ्हाईक हातास येईल ती पाटी वाचून पैसे देई. मुलगा विक्री लिहून ठेवी. पैसे मात्र काकांच्या खात्यांत जमा होत, आणि तेच काका रात्रीं ते गल्ल्यांत शोधीत. उरले ३५० रुपये. ते सुट्या पैशांच्या देण्याघेण्यांतील चुकांचे असावेत.

वही पाहून गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग एवढेंच म्हणाले, “गुरुजी, आतां यंत्र घ्यावयाचें कीं नको?”

आम्हीं म्हटलें, आतांच घ्यावयाचें. वही पंधरा दिवस चालते ती नव्या नियमाच्या हुरुपानें. पुढें आळस येतो. जून महिन्यांत शाळा उघडल्या कीं एकेका वेळीं दहा मुलें वह्यांसाठीं हात पुढें करतात. तेव्हां पेन्सिल घेऊन रकाने भरीत कोण बसणार? यंत्र थकत नाहीं, आणि त्यास काका-पुतण्याहि नाहींत. मात्र तें चोर धरण्यासाठीं म्हणून घेऊं नये. निरपराध्यावर आळ येऊं नये म्हणून घ्यावें. याच विचारानें आम्हीं त्यांच्याबरोबर चार प्रकार पाहिले. खालील किंमती ढोबळ मानानें समजाव्या.

पहिला प्रकार म्हणजे वही, कॅल्क्युलेटर आणि कुलुपाचा गल्ला. दिवसाकांठीं वीस-पंचवीस विक्र्या असतील तर याहून अधिक कांहीं लागत नाहीं. नुसती हौस म्हणून यंत्र घेणें व्यर्थ होय. दुसरा प्रकार मोबाइलमधील बिलाचें ॲप व त्यास ब्लूटूथनें जोडलेला तळहाताएवढा प्रिंटर. प्रिंटर दोन-तीन हजारांत येतो. ॲपची वर्षाची वर्गणी निराळी. एकटा माणूस दुकान चालवीत असेल तर हें सोईचें आहे. परंतु जेथें तीन माणसें पाळीनें बसतात तेथें मोबाइल कोणाचा, हा प्रश्न येतो. मालक तो खिशांत घालून लग्नास गेला कीं दुकानाचें बिल बंद पडतें. तिसरा प्रकार स्वतंत्र बिलिंग मशीनचा. आंकड्यांच्या कळा, लहान पडदा, आंतच प्रिंटर व आंतच बॅटरी. किंमत साधारण सहा ते बारा हजार. वस्तूंचीं नांवें व भाव त्यांत सांठवून ठेवतां येतात. चौथा प्रकार संगणक, बारकोड वाचणारें उपकरण, निराळा प्रिंटर व आपोआप उघडणारा ड्रॉवर असा सर्व सरंजाम. तो तीस-चाळीस हजारांच्या पुढें जातो. बारकोडनें जगांतील पहिली विक्री २६ जून १९७४ रोजीं त्याच ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवीं झाली, आणि भारतांतील संस्थेकडून घेतलेला बारकोड आज ८९० या आंकड्यांनीं आरंभ होतो. तथापि सुटी हळद, कापूर, जानवीं आणि वाती यांवर बारकोड नसतो. ज्याचा निम्मा माल सुटा आहे त्यानें या सरंजामावर पैसे घालूं नयेत.

आमच्या विद्यार्थ्यांस तिसरा प्रकार योग्य वाटला. ड्रॉवर निराळा विकत घेण्याची गरज नव्हती. वडिलांच्या वेळचा सागवानी गल्ला कुलुपासह शाबूत होता.

आतां पारख कशी करावी तें सांगतों. विक्रेता स्वतः भराभर कळा दाबून दाखवितो. त्यावर जाऊं नये. घरांतील जी व्यक्ति नवी गोष्ट सर्वांत उशिरां शिकते, तिच्याकडून पांच बिलें करवून पाहावीं. या घरीं ती परीक्षा वहिनींनीं दिली. दुपारीं दोन ते तीन दुकान त्याच पाहतात. एका यंत्रावर त्या अडल्या, दुसऱ्यावर तिसऱ्या बिलापासून सरसावल्या, दुसरें घेतलें.

यानंतर बिल पुरें करतांना रोख, यूपीआय व उधारी यांची नोंद निरनिराळी होते कीं नाहीं, तें पाहावें. यूपीआय २०१६ सालीं सुरू झाली, व तेव्हांपासून विक्री आणि गल्ल्यांतील रोकड हीं एक राहिलीं नाहींत. जें यंत्र हा भेद करीत नाहीं, त्याच्या भरवंशावर राहिल्यास रोज रात्रीं खोटी तूट दिसेल आणि घरांत पुन्हां तोच संशय शिरेल. प्रत्येक बसणाऱ्यास स्वतःचा निराळा क्रमांक देतां यावा; रद्द केलेलें बिल पुसून न जातां दिवसाच्या गोषवाऱ्यांत दिसावें. दुकान बंद करतांना निघणाऱ्या या गोषवाऱ्यास विक्रेते “झेड रिपोर्ट” म्हणतात. यंत्राचें सारें मोल त्या वीतभर कागदांत आहे. तो रोज काढून कीर्दींत चिकटवावा, व त्याखालीं मोजलेली रोकड लिहून बसणाऱ्यानें सही करावी.

आमच्या भागांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. म्हणून विक्रेत्याच्या समोरच वायर काढून बॅटरीवर वीस बिलें छापून पाहावीं. दुकानाचें नांव व मालाचीं नांवें देवनागरींत छापून मागावीं; “होतें” या तोंडच्या उत्तरावर समाधान मानूं नये. कराचा दर बदलावयाचा झाल्यास तो आपल्यास बदलतां येतो कीं प्रत्येक वेळीं माणूस बोलवावा लागतो, हेंहि विचारावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वह्या, पेन्सिली व खोडरबर यांवरील कर शून्य झाला, आणि साबण, केशतेल, टूथपेस्ट यांवरील १८ टक्क्यांचा ५ टक्के झाला. ज्यांच्या यंत्रांत दर बदलण्याची सोय नव्हती त्यांची अशा वेळीं काय गत झाली असेल, याची कल्पना करावी. शेवटीं, यंत्र बिघडल्यास दुरुस्ती वाशिमास होईल, अकोल्यास होईल कीं पार्सलानें दूर धाडावें लागेल, याचें उत्तर बिलावर लिहून घ्यावें. पांचशें रुपये स्वस्त पडलेलें यंत्र पंधरा दिवस पार्सलांत फिरत राहिलें तर तें महागच पडलें म्हणावयाचें.

कागदाचा हिशेब बहुतेक लोक विसरतात. दिवसास शंभर बिलें, प्रत्येक दहा सेंटिमीटरचें, म्हणजे दहा मीटर कागद. पंधरा मीटरचा एक रोल दीड दिवस पुरेल. महिन्यास वीस रोल. रोल वीस रुपयांचा धरला तर महिन्यास ४०० व वर्षास ४,८०० रुपये झाले. म्हणजे दोन वर्षांत कागदाचाच खर्च यंत्राच्या किंमतीशीं बरोबरी करील. म्हणून दोन इंची रोलाचें यंत्र पुरत असेल तर तीन इंचीचा मोह धरूं नये, आणि बिलाच्या तळाशीं सुविचार व सणांच्या शुभेच्छा छापण्याची हौस आवरावी.

या कागदाचा आणखी एक स्वभाव आहे. त्यास शाई लागत नाहीं; त्यावरील रासायनिक लेप उष्णतेनें काळा पडून अक्षर उमटतें. अर्थात् त्याच उष्णतेनें व उन्हानें तें अक्षर बिघडतेंहि. वाशिमचा वैशाख आणि डोक्यावर पत्रा असला म्हणजे फार दिवस लागत नाहींत. शिवाय अशा कागदांत बहुधा बिस्फेनॉल नांवाचें द्रव्य असतें. भगिनींनीं तो कागद खाण्याच्या जिनसा बांधावयास वापरूं नये व लहान मुलांच्या तोंडीं जाऊं देऊं नये. घड्याळ, मिक्सर इत्यादींच्या हमीचें बिल असेल तर त्याच दिवशीं त्याची झेरॉक्स काढावी. वाशिम येथें १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा चौथ्या शतकांतील ताम्रपट उजेडांत आला. वत्सगुल्म, म्हणजे आपलें वाशिम, येथून दिलेल्या दानाची तीही एक पावतीच. कांहीं भाग संस्कृतांत, कांहीं प्राकृतांत. सोळा शतकें ती टिकली. आमची पावती सोळा महिने टिकली तरी पुष्कळ.

कायद्यानें मात्र हिशेब दीर्घकाळ राखावा लागतो. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानें आपल्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्या, असा नियम आहे. म्हणून यंत्रांतील नोंदी महिन्याच्या महिन्यास पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून घेतां येतात कीं नाहीं, तें पाहणें अगत्याचें आहे. आपल्या राज्यांतल्या राज्यांत केवळ माल विकणाऱ्या लहान दुकानदारास, कांहीं वगळलेल्या वस्तु सोडल्यास, वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आंत असेपर्यंत नोंदणी सक्तीची नाहीं. अशा नोंदणी नसलेल्या दुकानदारानें गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून पैसे घेणें कायद्यानें मना आहे. कित्येक यंत्रें कराच्या ओळी आधींच भरून येतात. नोंदणी नसेल तर त्या काढवून घ्याव्या, नाहींतर न घेतलेल्या कराची पावती आपणच छापून दिल्यासारखें होईल. जे ठोक कराच्या, म्हणजे कंपोझिशनच्या, योजनेंत आहेत त्यांनींहि गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यावयाचा नसतो. त्यांचें बिल निराळ्या नमुन्याचें असतें. यंत्र विकणारा कर-सल्लागार नव्हे. आपल्या हिशेबनिसास विचारून बिलाचा मसुदा ठरवावा. नोंदणीवाल्यांस दोनशें रुपयांच्या आंतील किरकोळ विक्रीचें, गिऱ्हाइकानें न मागितल्यास, स्वतंत्र बिल न देतां दिवसाअखेर एकत्र बिल करण्याची सवलत आहे. तथापि मागितलेलें बिल नाकारूं नये. माल विकून बिल न देणें हें २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारांत मोडतें. यंत्रास वजनकांटा जोडला असेल तर त्या कांट्याची दर वर्षाची सरकारी तपासणी व शिक्का निराळा करून घ्यावाच लागतो, हेंहि विसरूं नये.

इतकें सर्व करून यंत्र घरांत आलें. परंतु आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें कीं, यंत्राच्या आधीं घरानें तीन नियम पाळले पाहिजेत. एक, खासगी खात्याची क्यूआर पाटी काढून टाकावी. दोन, घरखर्चाची रक्कम पहिल्या तारखेस वहिनींच्या हातीं द्यावी. मग महिनाभर दूधवाल्यास गल्ल्याचें तोंड दाखवूं नये. तीन, पुतण्यास दरमहा ठरलेला पगार द्यावा. बावीस वर्षांचा मुलगा दिवसाचे आठ तास दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि चहासाठीं काकांकडे हात पसरतो, ही स्थिति चांगली नव्हे. एकत्र कुटुंबांत सर्व कांहीं सर्वांचें असतें असें आपण म्हणतों. पण जें सर्वांचें त्याची नोंद कोणीच ठेवीत नाहीं, व मग आळ येतो तो बहुधा वयानें लहान असलेल्यावर.

पहिला गोषवारा निघाला त्या रात्रीं तूट अकरा रुपये होती. थोरल्यांनीं त्याखालीं स्वतः सही केली आणि पुतण्यास सर्वांसमक्ष म्हणाले, “बाबा, चूक माझी होती. मी विचारावयास पाहिजे होतें.” आमच्या समजुतीनें त्या साऱ्या खरेदींतील ही सर्वांत मोलाची पावती होय, ती कोणत्याहि यंत्रांतून निघत नाहीं.

मुलगा पुढें पुण्यास गेलाच. अर्ज मान्य झाला होता, आणि तरुण माणसानें जग पाहूं नये असें आम्ही कोण म्हणणार? पण तो गेला तेव्हां काका एस्.टी. स्थानकापर्यंत पोंचवावयास गेले होते आणि पिशवींत वहिनींनीं केलेले लाडू होते. आतां दुपारीं वहिनी बसतात. रात्रीं गोषवारा निघतो, थोरले सही करतात, मग पानें वाढतात. तो गेला खरा. पण संशयाचें ओझें घेऊन गेला नाहीं.